सोमनाथचा बोर्ड

आठवीतल्या पोराचं पोट दुखायला लागलं, की डॉक्टर पोट तपासतो. आम्ही पोट सोडून बाकीचं तपासायचो. पोरगं आलं कुठून, राहतं कुणाकडं, डबा कुणाबरोबर खातं, शेवटचं हसलं कधी. लोकांना हे काम वाटायचंच नाही. स्टाफरूममध्ये एक सर नेहमी म्हणायचे, "तुमचं बरंय मॅडम, नुसतं बोलायचा पगार." एकदा मी म्हटलं, "सर, तुम्हीपण तासाला नुसतं बोलताच की. फरक एवढाच, माझ्याकडं पोरं बोलतात." त्यानंतर बरेच दिवस ते माझ्या वाट्याला गेले नाहीत.

शहरातल्या गारखेडा भागातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागले आणि समुपदेशक म्हणून निवृत्त झाले. हा बदल काही माझ्या हुशारीनं झाला नाही. एका प्रशिक्षणाला कुणाला तरी धाडायचं होतं. मुख्याध्यापकांनी बैठकीत विचारलं तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मलाच धाडलं. परत आले तर खेळाचं सामान ठेवायची खोली माझ्या नावावर झालेली. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली आणि आठवड्याच्या आत पोरांनी तिचं नाव 'येड्यांचा दवाखाना' ठेवलं.

त्या नावाचा बंदोबस्त करायला मला बरेच दिवस गेले. शिपाई पाठवून भर वर्गात पोराचं नाव पुकारायचं नाही, हा माझा पहिला नियम. नाव पुकारलं की सगळा वर्ग वळून बघतो आणि पोरगं जागच्या जागी मिटतं. मी वर्गशिक्षकांशी ठरवून घेतलं होतं. त्यांनी म्हणायचं, "जा रे, मॅडमना सामान लावू लाग." पोरगं आलं की मी त्याच्यापुढं दोरीउड्यांच्या दोऱ्यांचा गुंता टाकायचे. "एवढा सोडव बाबा, पीटीचे सर ओरडतात." हाताला काम असलं, मान खाली घालायला निमित्त असलं, की तोंड सुटतं. समोरासमोर खुर्च्या मांडून 'बोल बाळा, मनात काय आहे' असं विचारलं तर मोठं माणूससुद्धा बोलत नाही, मग पोरानं काय बोलावं. शाळा सुटली की त्याच दोऱ्या मी पुन्हा गुंतवून ठेवायचे. पीटीचे सर विचारायचे, "एवढी पोरं लावता, तरी गुंता तसाच कसा?" मी म्हणायचे, "काय माहीत सर, उंदीर असतील."

आता आठवीच का, ते सांगते. आमच्याकडं गावोगावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की दाखला काढायचा आणि हायस्कूल गाठायचं. ज्यांना पोरगं शिकवायची हौस असते ते तालुक्याला न ठेवता थेट शहरात घालतात. मामाकडं, आत्याकडं, नाहीतर चार पोरांत एक खोली करून. गावात ते पोरगं कुणाचं तरी कुणीतरी असतं. गुरुजी त्याच्या बापाला ओळखतात, शाळेचा हंडा कुणी भरायचा, घंटा कुणी वाजवायची, सगळं ठरलेलं असतं. इथं आलं की ते फक्त हजेरीतला नंबर होतं. वय तेरा-चौदाचं, आवाज फुटलेला, ओठावर लव, आणि विचारणारं कुणी नाही. खुलताबादकडून आलेल्या एका पोरीचं पोट रोज तिसऱ्या तासाला दुखायचं. सोनोग्राफीसुद्धा झाली बिचारीची. दोऱ्या सोडवता सोडवता म्हणाली, "मॅडम, आमच्या शाळेत तिसऱ्या तासाची घंटी मी देत होते." मी मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून तिला घंटा मिळवून दिली. पोट थांबलं. आज ती नर्स आहे, रस्त्यात भेटली की अजून मोठ्यांदा हाक मारते.

अशा गोष्टी सांगायला सोप्या आणि ऐकायला गोड. पण मला विचाराल तर माझ्या नोकरीतलं एक पोरगं मला रोज आठवतं, आणि ते मला राखता आलं नाही.

त्याचं नाव सोमनाथ. वैजापूरच्या पुढं एका फाट्यावर उतरून आत चालत जायचं, तिथलं गाव. घरी कांदा, कपाशी, दोन म्हशी. खाऊनपिऊन सुखी घर. वडील भाऊसाहेब, स्वतः नववीतून शाळा सुटलेले. सातवीत सोमनाथ स्कॉलरशिपला तालुक्यात पहिला आला. त्या शाळेतून असं कुणी कधी आलंच नव्हतं. मग शहरात, आमच्या शाळेजवळच राहणाऱ्या मामाकडं त्याला आठवीला आणून ठेवलं. मामा रमेश, कंपनीत कामाला, भला माणूस.

आमच्याकडं आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. याला सेमी म्हणतात. गावच्या शाळेत ज्या पोराला लसावि-मसावि तोंडपाठ होते, त्याला इथं 'एलसीएम' म्हणजे तेच, हे कळायलाच महिना गेला. कुणाला विचारावं तर तोंड उघडलं की 'लई' आणि 'व्हय' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करायचं. त्यानं तोंड उघडणंच सोडलं. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी चार. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "मॅडम, स्कॉलरशिपवाला पोरगा आहे म्हणे, पण काही दम दिसत नाही." मी म्हटलं, "दम आहे म्हणूनच कोंडलाय. पाठवा माझ्याकडं."

पहिले दोन-तीन वेळा तो आला आणि नुसत्या दोऱ्या सोडवून गेला. एवढ्या निगुतीनं माझा गुंता कुणी सोडवला नव्हता. एकेक दोरी सोडवून, सारखी करून, खुंटीला अडकवायचा. मामीकडून कळलं, की जेवण अर्ध्यावर आलंय, आणि पोळ्याला गावी जायचं नाव काढलं तर ताप भरला. शेतकऱ्याचं पोरगं पोळ्याला घरी जात नाही, म्हणजे साधं काही नव्हतं.

मग एके दिवशी दोरीकडं बघतच त्यानं विचारलं, "मॅडम, फ्लेक्सचा बोर्ड उन्हानं किती दिवसात उडतो?"

"उडतो म्हणजे?"

"म्हंजी रंग जातो का नाय त्याचा. तोंड दिसायचं बंद होतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या फाट्यावर लोखंडी सांगाडा उभा आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणी पोलीस भरतीत लागला, की त्यावर बोर्ड चढतो. मधे मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची तोंडं ओळीनं. आपल्याकडं आता ही रीतच आहे, तीत नवल काही नाही. तर सोमनाथचा बोर्ड जूनपासून तिथं होता. स्कॉलरशिपला पहिला, शहरातल्या नामांकित शाळेत प्रवेश, समस्त गावकऱ्यांतर्फे हार्दिक अभिनंदन. उन्हानं त्याचा रंग गेला की मगच गावी जायचं, असं या पोरानं मनाशी ठरवलं होतं. वीसपैकी चार मिळवणाऱ्यानं त्या फोटोखालून कसं जायचं, हा त्याचा प्रश्न होता.

मी हसले नाही. तुम्हीही हसू नका. तेराव्या वर्षी अब्रू आपल्यापेक्षा मोठी असते. मी त्याला सरळ विचारलं, "सोमनाथ, जीव नकोसा वाटतो का रे कधी?" लोकांना वाटतं, असं विचारलं की पोराच्या डोक्यात नको ते भरतं. तसं नसतं. ज्याच्या डोक्यात ते असतं त्याला कुणीतरी विचारल्याचं बरंच वाटतं. त्यानं बराच वेळ दोरी ओढली आणि म्हणाला, "कधी कधी." मी त्याच दिवशी रमेशमामाला बोलावून घेतलं, त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून बजावलं, घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, मनोविकाराच्या डॉक्टरांकडं स्वतः घेऊन गेले. आणि भाऊसाहेबांना निरोप धाडला.

भाऊसाहेब आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी हातात धरून, खुर्चीच्या कडेवर बसले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण डॉक्टरचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मॅडम, बोर्ड म्या नाय लावला. गावानं लावला. काढला तर लोक म्हणतील, पोरगं वाया गेलं."

"लोक दोन दिवस म्हणतील. पोरगं तुमचं आयुष्यभराचं आहे."

"ते बी खरंय." मग टोपी गुडघ्यावर ठेवत त्यांनी विचारलं, "त्याला इतका भार झाला व्हय त्याचा? मला तर रोज येता-जाता बघून बळ यायचं."

"तुम्हाला बळ आलं, भाऊसाहेब. वजन त्याच्यावर पडलं."

"काढतो," म्हणाले. आणि काढला. मी फोन करून खात्री करून घेतली, आईनं सोमनाथला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खोलीत आला तो न बोलावता. म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला." आणि पहिल्यांदा हसला. त्याच्या समोरच्या दोन दातांत फट होती, ते मला तेव्हा कळलं. मग गोळ्या चालू होत्या, गणिताच्या सरांनी मराठीत समजावून द्यायचं कबूल केलं, डब्याला एक जोडीदार मिळाला. सहामाहीला गणितात काठावर का होईना पास झाला. डॉक्टर म्हणाले, सुधारतोय, पण जपा. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा तो गावी जायला स्वतः तयार झाला. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला आला. म्हणाला, "म्हशीला रेडकू झालंय मॅडम. अजून बघितलं नाय म्या." मी त्याच्या हातावर करंजीचा डबा ठेवला. रमेशला कामावरून सुट्टी नव्हती. भाऊसाहेब फाट्यावर घ्यायला येतील, असं ठरलं आणि रमेशनं त्याला वैजापूरच्या एसटीत बसवून दिलं.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

त्याचा वाढदिवस दिवाळीतच यायचा. रमेशनं भाऊसाहेबांना फोनवर सांगितलं होतं, "पोरगं खचलं होतं, आता सावरतंय. जरा उमेद द्या त्याला." बिचाऱ्यानं वाईट काय सांगितलं? हे शब्द भाऊसाहेब गावात बोलले. गावातल्या तरुण पोरांना वाटलं, आपला सोम्या शहरात खचलाय, त्याला उमेद द्यायची म्हणजे काय करायचं? त्यांना एकच रीत माहीत. त्यांनी वर्गणी करून बोर्ड छापून आणला. पहिल्यापेक्षा मोठा. सोमनाथच्या फोटोला कोट-टाय चिकटवलेला, वर 'भावी कलेक्टर', खाली 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा', आणि कोपऱ्यात तालुक्याच्या पुढाऱ्याचा फोटो. भाऊसाहेबांनी तो चढताना पाहिला. पुढाऱ्याचा फोटो असलेला बोर्ड गावात कुणी हात लावून काढत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण त्यांनी पुढं मलाच सांगितलं.

एसटी वेळेआधी आली. भाऊसाहेब गावातून नुकतेच निघाले होते. फाट्यावरच्या चहावाल्यानं पोराला ओळखलं आणि मोठ्या मायेनं हाक मारली, "या, या कलेक्टर साहेब!" सोमनाथ बोर्डाकडं बघत उभा होता, असं तो चहावाला सांगतो. मग हसला म्हणे. पिशवी चहावाल्याकडं ठेवली. "राहू द्या काका, आलोच." आणि गावाच्या रस्त्यानं न जाता दुसऱ्या अंगाला चालत गेला. चहावाल्याला वाटलं, असेल काही. पाच-दहा मिनिटांत भाऊसाहेब पोचले, तर पिशवी होती आणि पोरगं नव्हतं.

रात्रभर सगळं गाव बॅटऱ्या घेऊन शिवार धुंडाळत होतं. सकाळी सापडला. कुठं, कसा, ते मी लिहिणार नाही. पेपरवाल्यांनी लिहिलं होतं, तेवढं पुरे.

पुढं मी शाळेत बरीच वर्षं होते, आणि आठवीच्या पहिल्या पालकसभेत पहिलं एकच बोलायचे. तुमच्या पोराला आजच घरी जाऊन सांगा, की चार मार्क घेऊन आलास तरी दार उघडं आहे. मनात असून चालत नाही, तोंडानं सांगा. पालक माना हलवायचे. काही डोळे पुसायचे. आणि सभा संपली की त्यातलेच दोघं-तिघं जवळ येऊन विचारायचे, "मॅडम, पण नव्वदच्या वर जाईल ना?" राग यायचा मला. मग राग गिळून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. हेच माझं काम होतं.

सोमनाथच्या दहाव्यानंतर मी आणि वर्गशिक्षिका त्याच्या गावी गेलो. फाट्यावर सांगाडा रिकामा होता. घरासमोर सात-आठ तरुण पोरं उभी होती, मान खाली घालून. मला बघून त्यातला एक पुढं आला. म्हणाला, "मॅडम, तुमचं ऐकतील काका. त्यांना सांगा ना. श्रद्धांजलीचा बोर्ड छापून आलाय, तसाच गुंडाळून पडलाय. काका लावू देईनात. गावात कुणाचाबी लागतो. आमच्या सोम्याचा नाय लागला तर लोक म्हणतील, पोरगं कुणाचंच नव्हतं." तो रडत होता. पहिले दोन्ही बोर्ड यांनीच चढवले होते, आणि मनापासून चढवले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आत सोमनाथची आई भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला बोलायला लावलं नाही. भाऊसाहेब आले, टोपी काढून खाली बसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं माझ्या ध्यानात होतं. पोरं दुसरा बोर्ड चढवू राह्यली तेव्हा मला थांबवता येत होतं. नाय थांबवलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हणलं, गाव माझ्या लेकराला इसरलं नाय." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "लेकराचं कौतुक वाटणं वंगाळ असतं का?"

"नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं. "वंगाळ नसतं." एवढी वर्षं आई-बापांशी बोलण्याचा पगार घेतला, आणि त्या घरात माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

आम्ही उठायला लागलो, तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीकडं बोट दाखवलं.

"पहिला बोर्ड म्या सवता चढून काढला होता," ते म्हणाले. "फाटू नये म्हणून हळू काढला. घडी करून पेटीत ठेवलाय. एवढा मोठा फोटो त्याचा दुसरा नाय आमच्याकडं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही म्हणला होता, पोराला त्याचा भार होतो. आता आम्ही दोघांनी बघितला तर चालंल का?"

मी म्हटलं, "बघा."

त्यांनी बायकोला दार लोटून घ्यायला सांगितलं.